अंगठ्याची खाच

मी काठवट बोलतेय. मुखेडजवळच्या एका वाडीतल्या कावेरीबाईंची, भाकरीचं पीठ मळायची लाकडी काठवट. बाभळीच्या एका ओंडक्यातून कोरलेली, दिसायला ओबडधोबड.

कावेरीबाई भादव्यात गेल्या. तेव्हापासून घर गप्प आहे. मी लाकूड, मला रडू येत नाही हे समजण्यासारखं आहे. पण घरातल्यांनाही येत नाहीये. सगळे कामं करतात, जेवतात, भांडी घासतात.

मग एकदा त्यांचा मुलगा सुदाम मला उलटीपालटी करत म्हणाला, "लई खड्डे पडलेत हिला. येळवस झाली की सुताराकडं देतो. रंधा मारून सपाट करून घिऊ."

माझ्या अंगावर काटा आला असता, पण तो आधीच सुतारानं तासून काढलाय. त्या खड्ड्यांत काय आहे, ते फक्त मला ठाऊक होतं.

लग्नात वडिलांनी मला रुखवतात दिलं, तेव्हा कावेरीबाई सोळा वर्षांच्या होत्या आणि डावखुऱ्या होत्या. माहेरी कुणी बोललं नव्हतं. सासरी पहिलीच येळवस आली. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्याकडे घरंच्या घरं रानात जातात, काळ्या आईला नैवेद्य दाखवतात, मग कडब्याच्या कोपीपाशी, त्या छोट्या खोपटापाशी, पंगत बसते. नवी सून पहाटे नैवेद्यासाठी बाजरीच्या पिठाचे गोळे, उंडे वळत होती. सासूबाई साखराबाईंनी पाहिलं.

"डाव्या हाताचं देवाला देतीस व्हय गं?"

सगळे उंडे म्हशीपुढं गेले. म्हशीची काही तक्रार नव्हती. सुनेनं पुन्हा पीठ घेतलं आणि खाली मान घालून उजव्या हातानं तेवढेच उंडे वळले.

त्या दिवसापासून कावेरीबाई चारचौघांत उजव्या झाल्या. जेवायच्या उजव्यानं, वाढायच्या उजव्यानं. फक्त पहाटे, सगळे झोपलेले असताना, चुलीपुढं आम्ही दोघीच असायचो. तेव्हा त्या उजव्या हातानं माझा काठ धरायच्या, अंगठा आत दाबून, आणि डाव्या तळव्यानं पीठ रगडायच्या. दाराची कडी वाजली की हात बदलायच्या. असं अठ्ठेचाळीस वर्षं चाललं. माझ्या काठावर अंगठ्याची खाच पडली आणि तळाशी तळव्याचा खळगा.

कावेरीबाईंचे मालक लवकर गेले. दोन लेकी आणि सुदाम, तिघांचं कावेरीबाईंनीच केलं. सुदाम नांदेडला आयटीआयला होता तेव्हा पहाटेच्या एसटीत त्याचा डबा जायचा. कंडक्टर ओळखीचा होता. दोन वर्षांत एकदाही डबा चुकला नाही, तापानं फणफणलेल्या असतानासुद्धा नाही. त्या सगळ्या भाकरी डाव्या हाताच्या होत्या. खाऊन पोरगा पास झाला, वायरमन झाला.

साखराबाई जाऊन वीस वर्षं झाली, तरी कावेरीबाई लपवतच राहिल्या. मला याचा राग यायचा. अहो बाई, आता कोण बोलणार आहे तुम्हाला?

मग नात झाली, अक्षरा. तीही डावखुरी. सूनबाई शिल्पा तिच्या हातावर चापट मारायची. कावेरीबाई एवढंच म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे. हात तिचा हाय." स्वतःच्या हाताबद्दल मात्र एक शब्द नाही. मी वाट बघायची, आज सांगतील, उद्या सांगतील. नाही सांगितलं.

त्या गेल्यावर शिल्पानं मला चार दिवस वापरलं. खाचेत अंगठा बसला की तळवा खळग्यात येईना. फिरवून तळवा बसवला की अंगठा अधांतरी. भाकर तुटायची. "आत्याला हिच्यात कशी जमत होती काय म्हाईत," असं सासूबद्दल म्हणत तिनं स्टीलची परात काढली. मी अंगणात गेले. कोंबड्या माझ्यात कण्या टिपू लागल्या.

येळवस आली. वर्ष दुखवट्याचं, पाहुणे बोलावले नाहीत. पण रानाचा नैवेद्य चुकवता येत नाही, आणि आमच्या घरी तो लाकडी काठवटीतलाच लागतो. म्हणून मला घासलं, तेल लावलं. शिल्पा मळू लागली, वैतागली, चुलीत जाळ घालायला उठली. तिच्या जागी अक्षरा बसली.

"उजव्या हातानं! निवद हाय त्यो," शिल्पा ओरडली.

"मम्मी, पण हे बघ की." अक्षरानं उजवा अंगठा खाचेत ठेवला आणि डावा तळवा खळग्यात. "दोनी हात बसले. आजीचा हात असाच असंल."

शिल्पा जवळ आली. तिनंही आपले हात तसेच ठेवून पाहिले. बराच वेळ काढले नाहीत. मग हाक मारली, "आहो, आत्या डावखुऱ्या होत्या का?"

"न्हाई बा. उजव्यानंच जेवायची की," सुदाम म्हणाला आणि आत आला.

शिल्पानं त्याचे हात धरून माझ्यावर ठेवले. त्याचा अंगठा मोठा, खाचेत अर्धाच मावला. मग म्हणाला, "मला म्हाईतच न्हाई." पुन्हा एकदा तेच म्हणाला. डोळे कोरडे होते, पण अंगठा त्यानं खाचेतून काढला नाही.

शेवटी तो उठला आणि लेकीला म्हणाला, "कर तू. त्याच हातानं कर."

त्या दिवशी काळ्या आईला डाव्या हाताचे उंडे गेले. संध्याकाळी परतताना मी मोटरसायकलवर शिल्पाच्या मांडीवर होते. सुताराच्या दारापाशी गाडी हळू झाली नाही.

आता मी चुलीपाशी असते. घर अजून गप्पच आहे. तुमच्या घरात कुणाचं वेडंवाकडं झिजलेलं भांडं असेल, तर सपाट करायच्या आधी त्यात एकदा हात ठेवून बघा. उजवा बसला नाही, तर डावा ठेवा.