वाटेच्या कडेचे ठोकळे

चुन्याचा पापुद्रा नखात शिरला आणि त्याखालून लाल ऑइलपेंटचा आकडा डोकावला — तेवीस. तिनाच्या पोटाला जरा जास्तच गोलाई, तिच्याच हाताची. तिनं शेजारचा ठोकळा खरवडला. त्याचा कोपरा कुदळीनं उडालेला, आकड्याची जागाच गेलेली. विभागाच्या दारापर्यंत जाणाऱ्या वाटेला, नव्या फुलझाडांपुढे, काँक्रीटचे छत्तीस ठोकळे अर्धे मातीत गाडलेले, पांढरेशुभ्र, शहाण्या मुलांसारखे ओळीत... आणि गुरुवारी त्यांना प्रयोगशाळेतल्या टाकीच्या पाण्यात वर्ष पुरं होणार होतं, गुरुवारी ती एकेक यंत्राखाली ठेवून, किती भार सोसतो ते मोजत फोडणार होती, तिचा सगळा प्रबंध त्या छत्तीस आकड्यांवर उभा राहणार होता.

“मामा, हे कुणी केलं?”

प्रयोगशाळेतले मामा हातातली झारी खाली ठेवेनात. “तुम्ही रजेवर होतात मॅडम. सर म्हणाले, तपासणीची समिती यायचीय, टाकी रिकामी करून घासून घ्या. मी सांगितलं, मॅडमचे आहेत. तर म्हणाले, दगडच ते, वाटेला लावून टाका.”

दगडच ते. ज्या दिवशी हे दगड ओतले त्या दिवशी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मिक्सर फिरत होता, फोन खांद्याला धरून ती ओरडत होती — आता मिश्रण टाकलंय गं, मला निघता येणार नाही — आणि आई म्हणाली होती, असू दे, शेजारची येतेय. नंतर आईनं कधी विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं... तेव्हा निदान भांडता आलं असतं मला.

केबिनमध्ये विभागप्रमुख आरशासमोर टाय सारखा करत होते. “अहो, एवढं काय? पुन्हा ओता की!”

“वर्ष लागतं, सर.”

“मग लागू दे. प्रबंध पळतोय का कुठे? आणि समितीला प्रयोगशाळा तुम्हीच दाखवायची. तुम्ही छान बोलता.”

छान बोलता! त्यांच्या कॉलरला धरून त्यांना वाटेवर फरफटत न्यावं, एकेका ठोकळ्यासमोर वाकवावं, वाच म्हणावं आकडा, वाच... तोंडातून निघालं, “बरं, सर.”

समितीचे तिघे आले. अध्यक्ष टाकीवर वाकले. निळ्या फरश्या, नितळ पाणी, तळाचा स्क्रू दिसावा इतकं. “वा! संशोधनाच्या सोयी उत्तम ठेवल्यात.”

“टाकीत नुसतं पाणी आहे, सर,” ती म्हणाली.

“म्हणूनच तर स्वच्छ दिसतेय.”

“यात माझे छत्तीस ठोकळे होते. आता बाहेर आहेत. तुम्ही आलात त्याच वाटेच्या कडेला, चुना लावलेले.”

कुणीतरी खाकरलं. प्रमुखांनी तिच्याकडे न बघता अध्यक्षांच्या पाठीवर हलकेच हात ठेवला. “आमच्या मॅडमना थट्टेची भारी हौस!” अध्यक्ष हसले. बाकीचे दोघे हसले. आणि — हे तिला आधी गालांत जाणवलं, मग कळलं — तीही हसत होती. दात दाखवून. अकरा वर्षं हसत आलेय मी अशी, वर्गांच्या वाटणीला, बंद पडलेल्या यंत्रांना, ‘पुढच्या वर्षी बघू’ला... कुणी शिकवलं हे? एवढं पाठ कधी झालं?

तिनं ओठ मिटले. गाल दुखत होते.

“मी थट्टा करत नाही,” ती म्हणाली. “बाहेर चला, दाखवते.”

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. तिसरे सभासद, आतापर्यंत गप्प असलेले, वहीत काहीतरी लिहायला लागले. काय, ते दिसलं नाही. प्रमुख तिच्या अगदी जवळ आले. “चार वाजता माझ्या केबिनमध्ये या.”

“येते.”

सगळे पुढच्या खोलीकडे वळले. ती टाकीपाशीच राहिली. प्रमुखांसमोर बोलायचं म्हटलं की मनात वाक्यं जुळवायची, खोडायची, मऊ करायची तिची जुनी सवय. आता ती वाट पाहत राहिली तरी एकही वाक्य येईना. छातीत मात्र काहीतरी घट्ट होत चाललं होतं, सावकाश, आतून गरम... आणि चार वाजता आपण काय बोलणार आहोत, याची आज पहिल्यांदाच तिला स्वतःलाच थोडी भीती वाटली.