आपला मासा आपण निवडायचा

बाबांची दृष्टी गेली त्याला वर्ष झालं, आणि तेव्हापासून ते अलेक्झांड्रियात कुठेही बाहेर जेवले नव्हते. त्याआधी दर शुक्रवारी नमाज आटोपला की जाबरचं दुकान ठरलेलं. बहरीत, म्हणजे बंदराकाठच्या त्या वस्तीत, मासे खायचे तर रीत एकच: बर्फावर मांडलेल्यातला आपला मासा आपण निवडायचा, मगच तो निखाऱ्यावर जातो. “ज्याला स्वतःचा मासा निवडता येत नाही त्याने घरी जेवावं,” हे बाबांचं म्हणणं. माझा भाऊ वजदी म्हणाला, घरी मागवू. मी म्हटलं, तू गप्प बस. माणूस घरात वाळत चाललाय आणि याला डबा सुचतोय.

त्या शुक्रवारी मी त्यांना हाताला धरून नेलंच.

“या हाजी, बसा. चांगला मासा मी काढतो तुमच्यासाठी,” जाबर म्हणाला. आवाजात इतकी दया, की बाबा तिथूनच मागे वळले.

“कुणी काही काढायचं नाही,” मी म्हटलं आणि बाबांचा हात बर्फावर ठेवला.

ते चाचपू लागले. पाठी दाबून पाहिल्या, पोटं दाबून पाहिली. पाच-सहा मासे बाजूला सारून त्यांनी एक जाडजूड बोय उचलली. चेहरा खुलला.

“ही. कोंडा लावून भाज.”

तिचे डोळे पांढरे पडले होते. शिळी होती, नुसती बर्फाने ताठ झालेली. जाबरने मला खुणावलं आणि हळूच दुसरी उचलली. खूण अशी: बदलून टाकतो, त्यांना कळणार नाही.

सोपं होतं ते. घरी वर्षभर आम्ही हेच करत होतो. सदऱ्यावर डाग असला तरी म्हणायचो, छान दिसतंय बाबा.

“बाबा, शिळी आहे ती. डोळे पांढरे आहेत,” मी म्हटलं.

बाबांनी हातातली बोय पुन्हा चाचपली. मला वाटलं, आता हे कायमचे घरी बसणार.

“वर्षभर घरात मला एकही वाईट गोष्ट कुणी सांगितली नाही,” ते म्हणाले. “मला वाटलं, मी मेलोच की काय.” त्यांनी बोय जाबरच्या पुढ्यात आपटली. “आणि तू रे चोरा, ही लोकांना खपवतोस?”

“चुकलं हाजी,” जाबर पुटपुटला.

बाबांनी बाह्या वर सारल्या. “शहीरा, पोरी, इथे उभी राहा. डोळे तू बघ, बाकीचं मी बघतो.”

त्यांनी दुसरी बोय हातात घेतली. मी वाकून पाहिलं.

“हीही नको,” मी म्हटलं.