निळ्या रेसगाडीतली सुपारी

मी एक जुनी रेसगाडी आहे, मित्रांनो. पण म्हणून रस्त्याच्या कडेला सरकायची गरज नाही. मी जेमतेम वीतभर लांब आहे. माझ्या नाकाखाली एक छोटी जीभ आहे. लाकडी ट्रॅकवर कोरलेल्या खाचेत ती जीभ बसवली, की खाचेच्या दोन्ही बाजूंच्या तांब्याच्या पट्ट्यांतून मला वीज मिळते आणि मी सुटते. सरळ रस्त्यावर कुणीही पळेल. वळणावर अंगात आलं, की मात्र जीभ खाचेतून निसटते आणि मी कोलांटी खाऊन जमिनीवर येते. अशा कोलांट्या मी पोटभर खाल्ल्या आहेत. आता रंग विटला, एक दिवा पडला, तरी माझी तक्रार नाही. ज्या हातांनी मला घडवलं त्यांचे उपकार आठवले, की माझं गंजलेलं इंजीनसुद्धा गरम होतं.

माझा जन्म मुळशी तालुक्यातला, पौडचा. साल एकोणीसशे एकोणऐंशी. एस.टी. स्टँडच्या मागे वाल्मीकचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या पंपाची मोटर जळाली की शेतकरी ती खांद्यावर मारून त्याच्याकडे आणायचे. वाल्मीक मान डावीकडे कलती करून मोटरचा आवाज ऐकायचा आणि डॉक्टरसारखा रोग सांगायचा. त्याचा शाळेपासूनचा मित्र सोमनाथ पिंपरीच्या कारखान्यात पॅटर्नमेकर होता. म्हणजे लोखंडाचा भाग ओतण्याआधी त्याचा लाकडी नमुना करायचा. केसभर फरक चालत नसे, आणि तीच खोड त्याच्या स्वभावात उतरली होती. सोमनाथ बौद्धवस्तीतला, वाल्मीक पाटलांच्या आळीतला. वाल्मीकची आई तुळजाबाई पूर्वी सोमनाथचा पेला वेगळा ठेवायची, असं मी ऐकून आहे. मी आले तोवर त्या घरातल्या पेल्यांची पार सरमिसळ झाली होती.

पुण्याला कॅम्पात हौशी लोकांचा एक क्लब होता. जुन्या काळच्या रेसगाड्यांच्या हुबेहूब छोट्या प्रतिकृती करायच्या आणि त्या खाचेच्या ट्रॅकवर पळवायच्या, हा त्यांचा उद्योग. एकदा सोमनाथ तो खेळ बघून आला आणि त्याला दुसरं काही सुचेना. रद्दीवाल्याकडून त्याला एका इंग्रजी मासिकात १९२२ सालच्या फ्रेंच रेसगाडीचा फोटो मिळाला. तो घेऊन तो दुकानात आला.

"लाकूड माझं, मोटर तुझी," तो वाल्मीकला म्हणाला. "पण फोटोत हाय तशीच करायची. आपलं डोकं न्हाई चालवायचं."

"आन् पळायला नको व्हय?"

"पळंल की. पण आधी फोटोतली वाटली पायजे."

झालं, दोघांनी डोकं लावलं. दुकानाच्या मागच्या खोलीत प्लायवुडचा ट्रॅक उभा राहिला. माझं अंग शिवणीच्या लाकडाचं, बूड पितळी पट्ट्यांचं. मोटर एका बिघडलेल्या टेपरेकॉर्डरची. वाल्मीकनं तिची तार उलगडून पुन्हा आपल्या हिशेबानं गुंडाळली. टायर जुन्या रबरी चपलेच्या तळाचे. चाकांच्या आऱ्या मात्र दोघांच्या जाडजूड बोटांना जमेनात. मग सोमनाथची बायको रत्नाबाई हिनं केसासारख्या तांब्याच्या तारा चिमट्यानं एकेक ओवल्या. ओवताना ती नवऱ्याला म्हणायची, "खऱ्या गाडीला येवढा वेळ लागला नसंल," आणि पुन्हा मान खाली घालायची. त्या बाईचे माझ्यावर फार उपकार आहेत. अधूनमधून वीज जायची. अशा वेळी वाल्मीक मुळशी धरणाच्या दिशेनं हात करून म्हणायचा, "पानी आमचं, लाईट मुंबईची." मग दोघं दाराशी बसून चहा प्यायचे.

रंगावरून मोठा काथ्याकूट झाला. फोटो काळा-पांढरा. पण त्या काळी फ्रेंच गाड्या निळ्या असत, एवढं मासिकात लिहिलं होतं. विहाराच्या दाराला लावून उरलेला निळा रंग सोमनाथकडे होता. त्यात थोडा थोडा पांढरा घालत त्यानं मनाजोगती छटा आणली. त्या रंगात मी इतकी खुलले म्हणून सांगू! तुळजाबाईनं सुद्धा पदरानं हात पुसून मला उचलून बघितलं.

शेवटी माझ्यात माणसं बसली. मित्रांनो, तुम्हाला ठाऊक नसेल, त्या काळी मोठ्या शर्यतींत ड्रायव्हर एकटा नसे. शेजारी मेकॅनिक बसायचा. मागून कोण येतंय, टायर कसे आहेत, तेलाचा दाब किती, हे सगळं तो बघायचा. जागा इतकी अरुंद, की त्याला एक हात ड्रायव्हरच्या पाठीमागून घालून बसावं लागे. फोटोत तसंच होतं. सोमनाथनं पांगाऱ्याच्या लाकडातून दोन माणसं कोरली. डोकी वाटाण्याएवढी, डोळ्यांवर गॉगल. मेकॅनिकचा हात ड्रायव्हरच्या खांद्यावर टेकलेला.

मी रूपानं हुबेहूब उतरले, पण वळणावर तोल जाई. एका रविवारी दुपारी तर कहरच झाला. वाल्मीकनं मला सोडावं आणि मी दर वेळी एकाच वळणावर आडवं व्हावं. पुण्याच्या क्लबची शर्यत तोंडावर आलेली. आधीच वाल्मीकचं काम म्हणजे एक घाव दोन तुकडे. त्याचं डोकं फिरलं.

"ह्यो दुसरा कशाला वागवायचा?" तो म्हणाला. "गाडी ह्यो हाकतोय, मोटर पळतीया. त्यो नुसता बसून हाय."

"फोटोत दोघं हायेत," सोमनाथ म्हणाला.

"फोटो पळत न्हाई." असं म्हणून त्यानं चिमट्यानं मेकॅनिकला उपटून काढलं. हात मनगटाशी मोडला, आणि पंजा तेवढा ड्रायव्हरच्या खांद्यावर चिकटून राहिला.

 भंगाराच्या डब्यात पडलेला तो मोडका माणूस सोमनाथनं उचलला, सदऱ्याच्या खिशात घातला आणि चपला चढवल्या. दारातून म्हणाला, "बरं. आता एकट्यानं पळव." त्या दिवसापासून दोघांत विस्तव जाईना. एकाच स्टँडवर समोरासमोर आले तरी एक वेळापत्रक वाचायचा आणि दुसरा आभाळ बघायचा.

खोटं कशाला बोलू, मी हलकी झाले आणि वाऱ्यासारखी पळू लागले. एकही कोलांटी नाही. पहिल्यांदा सगळी वळणं निभावली तेव्हा वाल्मीक हसून बाजूला वळला आणि म्हणाला, "बघितलंस का?" बाजूला कुणी नव्हतं. त्यानं बटण बंद केलं आणि त्या दिवशी मला पुन्हा ट्रॅकवर ठेवलं नाही.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. तुळजाबाई ताट घेऊन दुकानात आली. वाइंडिंगचं मशीन, पक्कड, हातोडी, सगळ्यांना तिनं हळदकुंकू वाहिलं. शेवटी माझ्याकडे वळली. तेलाचं बोट माझ्या तोंडाला लावलं, पोटाखालच्या, पट्ट्यांवर घासून वीज घेणाऱ्या तांब्याच्या ब्रशांनाही कुंकू फासलं, का तर म्हणे पायाशी वाहायला हवं. चाकाखाली ठेवायला लिंबूही काढलं होतं. पण लिंबू माझ्याहून उंच, तेव्हा तिनं ते परत पिशवीत टाकलं. मग ड्रायव्हरच्या कपाळाला करंगळीनं ठिपका लावायला ती वाकली आणि तशीच थांबली.

"आरं वाल्मीक, ह्यो तर तू हायेस."

"कोन?"

"ह्यो गाडी हाकनारा. मान बघ की. जन्मल्यापास्नं अशी डावीकडं घालतूस."

वाल्मीक जवळ आला. इतके दिवस त्यानं मोटर पाहिली होती, ब्रश पाहिले होते. माणसाच्या मानेकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं. खरंच ती कलती होती.

"आन् तुझ्या खांद्यावर हात हाय," म्हातारी म्हणाली. "हात हाय, मग हाताचा मानूस कुटं हाय?"

 तिला सांगायची गरज नव्हती. सोमनाथचं येणं बंद झालेलं ती बघतच होती. पूजेला जोडीतलं माणूस हजर नसलं की त्याच्या जागी सुपारी ठेवायची, हा तिच्या घरचा रिवाज. तिनं ताटातली सुपारी उचलली, माझ्या रिकाम्या सीटवर बसवली आणि तिच्यावरही अक्षता टाकल्या.

"त्यो येईस्तवर ही हितं बसंल. काढायची न्हाई," एवढं बोलून ती ताट घेऊन निघून गेली. वाल्मीक बराच वेळ स्टुलावर बसून होता. 'नुसता बसून हाय' हे आपण कुणाला म्हणालो, ते त्याला आता कळलं होतं. मला त्याची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी दसरा. बौद्धवस्तीत धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात वंदना चालू होती, आणि वाल्मीक मला टॉवेलात गुंडाळून बाहेर कडुनिंबाखाली उभा होता. पांढऱ्या कपड्यांतली माणसं बाहेर पडू लागली. सोमनाथनं त्याला पाहिलं, पण पाय पुढे टाकला नाही. शेवटी वाल्मीकच गेला आणि त्यानं टॉवेल उघडला.

"आईनं तुझ्या जागंवर ही बसवलीया," तो म्हणाला. "मला काय ती काढवंना."

सोमनाथनं सुपारी बघितली. "माझी जागा सुपारीनं भरली व्हय?"

"भरली न्हाई. राखली."

 सोमनाथचा हात खिशाकडे गेला. धुतलेला पांढरा सदरा, सणाचा दिवस, आणि खिशात तो मोडका मेकॅनिक. रोजच्या सदऱ्यातून या सदऱ्यात त्यानं आठवणीनं हलवला होता. ते बघून वाल्मीकनं टॉवेलानं तोंड पुसलं. घाम आला होता, असं तो अजून सांगतो.

"वजनाचं आधी बोलला असतास," सोमनाथ म्हणाला, "तर दोघांनाबी आतनं पोकळ केलं असतं. तू डायरेक माणूसच उतरवलास."

"चुकलंच माझं."

"लई चुकलं. चल, चहा घे. रत्नी तुझ्यावर लई तापलीया, तिच्या पुढ्यात गप बसायचं."

त्यानं दोन्ही माणसं पोटातून कोरून अंड्याच्या टरफलासारखी हलकी केली. वजन खाली राहून तोल सांभाळावा म्हणून वाल्मीकनं माझ्या बुडाशी शिशाची पट्टी लावली. मेकॅनिक आपल्या जागी बसला, मनगट पंज्याला जोडलं गेलं. सुपारी मात्र वाल्मीकनं टाकू दिली नाही. माणसाचं ओझं नको म्हणणाऱ्या त्या पठ्ठ्यानं ती माझ्या शेपटाच्या पोकळीत स्वतः बसवली. सोमनाथनं त्यावरून त्याला जन्मभर चिडवलं.

कोजागिरीनंतरच्या रविवारी आम्ही पुण्याला गेलो. ट्रॅकवर ठेवलं, तर मी ढिम्म हलेना. वाल्मीकनं मला उलटी केली, मान कलती करून वास घेतला आणि म्हणाला, "गोडंतेल आन् कुंकू." ब्रश पेट्रोलनं पुसले, तेव्हा कुठे माझ्यात जीव आला. आधी रूपाची परीक्षा होती. परीक्षक एक निवृत्त इंजिनिअर होते. त्यांनी फोटो शेजारी ठेवून, भिंग लावून माझी आरी न् आरी तपासली. चेहरा खुलत गेला. मग भिंग ड्रायव्हरच्या कपाळावर थांबलं.

"हे लाल काय आहे?" त्यांनी विचारलं. "एकोणीसशे बावीसचे फ्रेंच ड्रायव्हर कुंकू लावत नसत. पुसून टाका, म्हणजे पहिला नंबर द्यायला मी मोकळा."

वाल्मीकनं सोमनाथकडे पाहिलं. त्याला माहीत होतं, हा माणूस एका आरीसाठी चाक मोडून टाकणारा. रुमाल सोमनाथच्याच हातात होता. माझा जीव टांगणीला लागला.

"ह्या गाडीतला लावतो," सोमनाथ म्हणाला आणि रुमाल खिशात घातला.

पहिला नंबर गेला. शर्यतीतही आम्ही मधेच कुठे तरी आलो. पण मी एकाही वळणावर पडले नाही. परतीच्या एस.टी.त दोघं मला मांडीवर घेऊन चांदणी चौकापासून पौडपर्यंत असे हसत होते, की कंडक्टरनं विचारलं, कुठली बक्षिसं मारली.

पुढे काही वर्षं मी खूप पळाले. पौडच्या शाळेत प्रदर्शनाला गेले, पोरांच्या टाळ्या घेतल्या. मग क्लब मोडला, प्लायवुडचा ट्रॅक वाळवीनं खाल्ला. मी व्हार्निशच्या डब्याशेजारी फळीवर जाऊन बसले. धूळ साचली. तरी दर खंडेनवमीला तुळजाबाई यायची आणि करंगळीनं तोच ठिपका ताजा करायची. मग एका वर्षी ती राहिली नाही. त्या खंडेनवमीला वाल्मीकनं सगळी हत्यारं पुजली, पण माझ्यापाशी येऊन त्याचा हात थांबला. तो तसाच मागे फिरला.

दुसऱ्या दिवशी सोमनाथ विहारातून थेट दुकानात आला, पांढऱ्या कपड्यांतच. त्यानं मला खाली काढलं, फुंकर मारली, चष्मा चढवला.

"ठिपका पुसट झालाय," तो म्हणाला. "बारीक ब्रश दे. लाल रंग हाय का?"

"तू तर हे असलं मानत न्हाईस," वाल्मीक म्हणाला.

"मी कुटं पूजा करतोय. दुरुस्ती करतोय. गाडी होती तशीच ऱ्हायला पायजे." ब्रशाचं टोक ओठांशी धरून त्यानं नीट आठवलं. "म्हातारीचा ठिपका मधोमध नसायचा. जरा डावीकडं जायचा. तुझी मान तशी हाय ना, म्हणून." आणि केसभर फरक न होऊ देता त्यानं तो तिथेच, डावीकडे लावला. वाल्मीक शेजारी उभा राहून बघत होता. या वेळी तो घाम वगैरे काही म्हणाला नाही.

तो ठिपका अजून आहे, मित्रांनो. मला हलवलंत तर शेपटात सुपारीही वाजते. माझं तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. जुनी खेळणी फेकू नका, त्यांच्यावरची धूळ पुसा. पण पुसताना जरा थांबून बघा. एखादा डाग कुणाच्या तरी बोटाचा असतो.