जीप नव्हतीच

"तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं मावशी, की वळणावर बेडूक आपोआप उलटलं. जीपचं नाव काढायचं नाही."

साहेबांनी हे इतक्या गोड आवाजात सांगितलं, की शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला वाटलं, बाईला बढतीच मिळाली. पाणीमावशीचा डावा पाय सळ्यांच्या चौकटीत अडकवून उशीवर ठेवला होता आणि ती त्याच्याकडेच बघत होती.

शहराचं पाणी डोंगरातल्या पाइपलाइनीतून यायचं. तिचे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचं काम मावशीकडे होतं, म्हणून ती पाणीमावशी. डोंगरात रस्ता कसला, नुसते दगडधोंडे. त्यामुळे खात्यानं तिला चार फुगीर चाकांची, हँडलवाली, बिनटपाची गाडी दिली होती. ती उड्या मारत चालायची, म्हणून तिचं नाव बेडूक पडलं होतं. तिच्यावरून भलेभले तोंडावर आपटले होते, मावशी कधीच नाही. याचा तिला गर्व होता आणि तो ती लपवतही नसे.

डोंगरावरच्या माणसांची एक रीत होती. आंधळ्या वळणाआधी इंजिन बंद करायचं, समोरून काही येतंय का ते ऐकायचं, मगच पुढे जायचं. त्या दिवशी मावशीनं तेच केलं. पण वरून येणाऱ्या खात्याच्या जीपचंही इंजिन बंद होतं. जीपमध्ये साहेबांचा नवा सोफा होता. घरच्या कामाला जाळलेलं डिझेल दाखवणार कुठे, म्हणून ड्रायव्हरनं उतारावर गाडी नुसतीच सोडली होती. मावशीला काही ऐकू आलं नाही. तिनं बेडूक सुरू केलं आणि त्याच क्षणी जीप अंगावर आली. बेडूक कडेच्या खड्ड्यात गेलं, मावशीचा पाय त्याच्याखाली. सोफ्याला मात्र ओरखडासुद्धा नाही.

आणि जीपचा ड्रायव्हर होता मावशीचा जावई.

आता तो खिडकीपाशी उभा होता. त्यानंच तिला खड्ड्यातून काढून दवाखान्यात आणलं होतं, हे मावशी विसरली नव्हती. पण साहेब खोटं शिकवत होते आणि हा बाहेर बघत होता, हे तिला पायाच्या दुखण्याहून जास्त लागत होतं.

"जीप त्या दिवशी गॅरेजमध्येच होती, असं आम्ही म्हणतोय," साहेब म्हणाले. "तुम्हाला बसून करायचं काम देऊ. पंख्याखाली, टेलिफोनवर."

"आणि पाय?"

"पायाचं बघू की."

सरकारी 'बघू' म्हणजे काय, हे मावशीला चांगलं ठाऊक होतं.

तेवढ्यात विमा कंपनीची तपासनीस आली. पोरगेलीशी होती, पण बोलणं स्वच्छ. स्टूल ओढून ती मावशीजवळ बसली.

"चूक कोणाची, हे मी विचारणार नाही मावशी. या विम्यात ते विचारतच नाहीत. मला एवढंच सांगा, दुसरी गाडी होती का? तुमच्या असल्या डोंगरगाडीला हा विमा नसतो. ती एकटीच उलटली असेल, तर आम्ही काही देऊ शकत नाही. पण रस्त्यावरची गाडी धडकली असेल, तर तिच्या विम्यातून तुमचं पुढचं ऑपरेशन होईल."

ते ऑपरेशन झालं नाही तर पाय वाकडाच राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. इतका वेळ पायथ्याशी बसलेली लेक चादर सारखी करायला वाकली आणि आईच्या कानाशी पुटपुटली, "आई, त्यांची नोकरी जाईल गं."

मावशीनं एकदा लेकीकडे पाहिलं.

"जीप होती," ती म्हणाली. "सोफाही होता."

साहेब हसले. "त्यांना ताप आहे, मॅडम."

"ताप कालच उतरला. आणि पोरी, तू विचारत नाहीस तरी सांगते, चूक माझी नव्हती. बेडूक माझ्या हातून उलटलेलं नाही. तुझ्या कागदात हे बसत नसेल तर राहू दे, पण ऐकून घे."

तपासनिसानं खिडकीकडे पाहिलं. "जीप तुम्हीच चालवता ना?"

जावयानं साहेबांकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"ड्रायव्हरनं सांगितल्याशिवाय माझं पुढे सरकणार नाही," ती उठत म्हणाली. "मी संध्याकाळपर्यंत ऑफिसात आहे."

तिच्यामागोमाग साहेब गेले, साहेबांच्या मागोमाग जावई. लेक तेवढी राहिली.

"तुझा पाय मोठा की माझं घर?"

"घर तुमचं आहे, तुम्ही दोघं उभं ठेवा. माझ्या खोट्याचा टेकू मागू नका."

"तू आई आहेस ना?"

"आहे. म्हणूनच तर सांगतेय."

लेकीनं रिकामा डबा उचलला आणि ती निघून गेली. मावशीनं तिला हाक मारली नाही. मारावीशी खूप वाटली. शेजारची म्हातारी काहीतरी समजुतीचं बोलू लागली, तेव्हा मावशीनं झोपल्याचं सोंग केलं.

दिवे लागायच्या सुमारास दारात जावई दिसला. बूट धुळीनं भरलेले, शर्ट पाठीला चिकटलेला. आत यावं की न यावं, अशा विचारात तो दाराची चौकट धरून उभा राहिला.

"सांगितलं मी, आई. सगळं. सोफ्यासकट."

"मग?"

"साहेबही तिथेच होते. त्यांनी लगेच जीपची किल्ली काढून घेतली."

"आणि लेक?"

"घरी आहे. वाटेत डोकावलो, तर बोलत नाहीये."

मावशीची नजर त्याच्या बुटांवर गेली.

"विम्याचं ऑफिस शहराच्या पार त्या टोकाला ना? तिथून चालत आलात?"

"हो."

तिनं दोन्ही हातांनी पायाची चौकट उचलली आणि दात आवळून खाटेच्या कडेला सरकवली. उशाजवळ एका माणसापुरती जागा झाली.

"बसा," ती म्हणाली. "पाय दुखले असतील."