जुन्या फॉन्टमधलं उत्तर

‘अजून रागावला आहेस का?’ असं बालमित्राने पत्रात विचारलं होतं आणि अण्णांनी त्याला उत्तरच दिलं नव्हतं. लिहिलं मात्र पुष्कळदा. कॉम्प्युटरवर ‘उत्तर’, ‘उत्तर अंतिम’, ‘उत्तर अगदी अंतिम’ अशी फायलींची पिलावळ झाली होती. शेवटी डिस्क भरली, तेव्हा अण्णांना वाटलं, आपल्या पाल्हाळानेच यंत्राचं पोट फुगलं.

“अण्णा, ही सगळी पत्रं मिळून एका फोटोएवढीही नाहीत हो,” सून हसली. तिने मोठी हार्ड डिस्क बसवली, नवी सिस्टिम टाकली आणि फायली सुखरूप हलवल्या. पण नव्या सिस्टिमला जुना मराठी फॉन्ट ठाऊकच नव्हता. पानभर नुसते कंस आणि टिंबं!

“थांबा, फॉन्ट शोधते.”

“राहू दे. आधी तरी कुठे काही समजत होतं?”

“पण लिहायचं काय होतं एवढं?”

“हेच की... नाही.”

“मग तेवढंच लिहा की!”

दोन अक्षरांसाठी केवढा हा द्राविडी प्राणायाम! अण्णांनी कार्ड घेतलं आणि पेनाने लिहिलं, ‘नाही रे. कधीही ये.’ सुधारणा करायची हुक्की येण्याआधीच त्यांनी चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या पेटीत ते टाकून आले.