दुधाची पुडी

"हे विष कोणी दळलं?" असं म्हणत विज्दानने पुडी भावाच्या गल्ल्यावर आपटली. दुकानातली गिऱ्हाइकं बाजूला सरकली.

नाब्लुसच्या जुन्या बाजारातलं हे जडीबुटीचं दुकान वडिलांमागे नाइफकडे आलं. त्याने बरण्या हलवल्या, यंत्र बसवलं, सीलबंद पुड्या काढल्या आणि प्रत्येक पुडीवर वडिलांचा फोटो छापला. "कोणासाठी हवंय?" असं विचारल्याशिवाय ज्या माणसाने उभ्या जन्मात बरणीला हात लावला नाही, तो आता प्लास्टिकवरून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून हसत होता. त्या हसण्याने विज्दानच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"ताई, बस. चहा मागवतो."

"चहा घाल चुलीत. माझ्या सुजूदचा पान्हा आटलाय. बाळ रडून रडून निळं पडतंय. आणि दूध वाढायला तुझी ही पुडी मीच मेलीने तिला नेऊन दिली, घरचा माल म्हणून."

नाइफने कागद पसरला आणि पुडी त्यावर रिकामी केली. "तूच बघ. अब्बांनी दोघांनाही सारखंच शिकवलंय."

तिने बोटाने चिवडलं. मेथी, बडीशेप, कलौंजी. चिमूटभर जिभेवर ठेवलं. ताजं होतं. प्रमाणसुद्धा वडिलांचंच. खोट सापडेना, तशी ती आणखीच भडकली.

"मग तुझं यंत्र जाळत असेल औषधाचा गुण."

"असेल. अजून काय पिते ती?"

"काय पिणार? पाणी, कोंबडीचा रस्सा, चहा."

"चहात काय घालता?"

ती उत्तर द्यायला गेली आणि थांबली. चहात काय घालतात, हे काय विचारायचं झालं? मरामिया. डोंगरावरची ती राखी, लोकरीसारखी पानं. तिने स्वतः खुडलेली, स्वतः वाळवलेली. आणि बाळाचं अंगावरचं दूध तोडायचं असलं की बायका तिच्याकडेच येत. तीच पानं ती पुरचुंडीत बांधून देई आणि बजावून सांगे, बाळंतिणीच्या हाती लागू देऊ नका. ते औषध होतं. चहातलं मात्र तिने कधी औषधात धरलंच नव्हतं.

सुजूद माहेरी आल्यापासून घरात बाळ बघायला येणाऱ्यांची रीघ होती, आणि किटली आचेवरून उतरतच नव्हती.

नाइफ हसला असता तर तिने त्याचं थोबाड रंगवलं असतं. तो हसला नाही. ते तिला जास्त झोंबलं. तिने फोन लावला.

"काय करतेस?"

"खाला रीमा आल्यात, आई." मागे बाळ रडत होतं. "चहा घेतोय."

"ग्लास खाली ठेव."

"अगं, पाहुण्या—"

"ठेव म्हणते ना! अक्कल गहाण टाकलीस का? बाळंतिणीने मरामिया प्यायची असते?"

पलीकडे ग्लास ठेवल्याचा आवाज आला.

"मला काय माहीत, आई," सुजूद म्हणाली. "तूच तर भरून देतेस. पाहुण्याला एकटं पिऊ देऊ नये, हेही तूच शिकवलंस."

गल्ल्यावर रिकामी पुडी पडली होती. विज्दानने ती उलटी करून ठेवली, फोटो खाली.