किकुमारूचे डोळे

हात्सुएने बांधावरचं कोवळं गवत कापलं, पेंडी बांधली आणि सकाळीच ती कुरामोचीच्या गोठ्यावर निघाली. एकोणीस महिन्यांपूर्वी तिने आपलं किकुमारू नावाचं वासरू लिलावात त्याला विकलं होतं. हात्सुएसारख्यांनी वासरं नऊ महिन्यांची करायची आणि कुरामोचीसारख्यांनी ती नेऊन लठ्ठ करायची, अशी जपानातल्या ताजिमाच्या डोंगरात जुनी वाटणी आहे. विकलेलं वासरू पाहायला सहसा कोणी जात नाही. पण किकुमारू आता मांसाच्या प्रदर्शनात उतरणार होता आणि पत्रकावर वासरू वाढवणारीचाही फोटो हवा होता. म्हणून कुरामोचीने स्वतः फोन करून तिला बोलावलं होतं.

दारातच तो ओरडला, "आजी, ते गवत बाहेर ठेवा! आत आणू नका!"

"का हो? विष का आहे त्यात?"

"आमच्या दृष्टीने विषच. हिरव्यातून व्हिटॅमिन ए पोटात जातं. ते गेलं की मांसात चरबीची जाळी धरत नाही, आणि भाव तर जाळीलाच."

हे तिला ऐकून ठाऊक होतं. मधले काही महिने व्हिटॅमिन रोखून धरतात, पेंढासुद्धा उन्हात पांढरा पडलेला घालतात, मग पुन्हा व्हिटॅमिन सुरू करतात, असं सगळेच सांगत. त्यात वावगं काही आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. उलट 'आजींच्या वासरांना जाळी काय सुरेख धरते' असं कुणी म्हटलं, की बाई दोन दिवस फुशारकीत असायच्या.

पेंडी बाहेर टाकून ती आत गेली. "किकुमारू!" तिने हाक मारली.

कोपऱ्यातल्या अवाढव्य गोऱ्ह्याने कान टवकारले. आवाज ओळखून तो लगबगीने निघाला आणि मधल्या खांबावर कपाळ आपटून थांबला. भर उजेडात त्याच्या बाहुल्या ताटासारख्या पसरलेल्या होत्या. गुडघे सुजले होते. तिने डोळ्यांपुढे हात हलवला, तर पापणीही लवली नाही.

"अहो, हा आंधळा झालाय!"

"थोडं कमी दिसतं. फोटोत नाही कळणार."

"पुन्हा व्हिटॅमिन द्यायचं असतं ना? कधी दिलंत?"

कुरामोचीने मान खाजवली. "राहिलं. प्रदर्शन तोंडावर आलेलं, एवढी धरलेली जाळी बिघडली तर? आता टोचून उपयोग नाही म्हणाले डॉक्टर. पण आजी, पहिला नंबर आपलाच बघा. तुमचंही नाव लागेल."

"आग लागो त्या नावाला!" हात्सुएचा तोल सुटला. "एक सुई, कुरामोची! एक सुई टोचायला तुझे हात झिजले असते का रे? माझ्या हातून दूध प्यायलेलं पोर ते!"

"चिडू नका. सगळेच करतात."

"सगळ्यांची काळजी तू नको करूस!"

तिला त्याचा संताप आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. एकतीस वर्षं ती वासरं विकत होती, आणि पुढे त्यांचं काय होतं हे एकदाही तिने विचारलं नव्हतं. लाज वाटली तिला. फोटो न काढताच ती निघाली, तेव्हा मागून कुरामोची म्हणाला, "मंगळवारी याचा धाकटा भाऊ बाजारात आणताय ना? तो मीच घेणार हं!"

मंगळवारी ती वासरू घेऊन रिंगणात उभी राहिली. चारही बाजूंना बाकांवर पोसणारे बसले होते, प्रत्येकाचा हात बाकाखालच्या, बोली चढवायच्या बटणावर. फलकावर आकडा चढू लागला. हात्सुएने निवेदकाच्या हातातला माइक ओढून घेतला.

"याचे डोळे शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत ठेवीन, असं कोण म्हणतंय? त्याने हात वर करा. भाव तो म्हणेल तो."

कुणी टोपी सारखी केली, कुणी हातातल्या कागदात डोकं घातलं. कुरामोची छताकडे पाहत बसला होता. एकही हात वर आला नाही.

फलकावरचा आकडा मात्र आणखी तीन हजार येनांनी वर गेला.

हात्सुएने त्या आकड्याकडे पाहिलं. "विकायचा नाही," ती म्हणाली, आणि वासराची दोरी धरून आल्या वाटेने चालू लागली.